क्लिक, ट्रॅक आणि सम: घरी अभंग-भावगीत रेकॉर्ड करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणारी मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं रीपर या सॉफ्टवेअरची आहेत, कारण मी रोज तेच वापरतो. बटणांची नावं सोडली तर बाकीचं सगळं इतर सॉफ्टवेअरलाही लागू पडतं. उत्तरं सुटी वाचता येतील अशी लिहिली आहेत. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही तबल्याच्या साथीवर गातो. मग मेट्रोनोम कशाला हवा?

सगळे एका खोलीत बसून एकदमच रेकॉर्ड करणार असाल, तर नकोच. मैफलीत गायक किंचित रेंगाळला की तबलजी सांभाळून घेतो आणि तबलजीने लय उचलली की पेटीवाला मागोमाग जातो. पण तबला रविवारी, पेटी मंगळवारी आणि आवाज शनिवारी रेकॉर्ड होणार असेल, तर रविवारचा तबला शनिवारच्या गायकाचं ऐकू शकत नाही. तेव्हा तिघांनाही एकच लय सांगणारं काहीतरी लागतं. तेच मेट्रोनोमचं काम. रेकॉर्डिंगवाले त्यालाच क्लिक म्हणतात. मेल्त्सेल याने १८१५ मध्ये पेटंट घेतलेलं लंबकाचं यंत्र जे करायचं, तेच आता कानात वाजणारा ठोका करतो: एका मिनिटात अमुक इतके, सगळे समान अंतरावर.

२. रीपरच हवं का? ऑडॅसिटी किंवा गॅरेजबँडवर जमणार नाही का?

जमेल. ऑडॅसिटीत ‘जनरेट’ मेनूमध्ये ‘ऱ्हिदम ट्रॅक’ आहे. टेम्पो आणि एका आवर्तनातले ठोके सांगितले की क्लिकचा ट्रॅक तयार होतो. मात्र नंतर लय बदलायची झाली तर तो पुन्हा बनवावा लागतो. मॅकवरच्या गॅरेजबँडमध्ये के ही कळ दाबली की मेट्रोनोम चालू-बंद होतो. रीपर ६० दिवस पूर्णपणे वापरून बघता येतं आणि त्यानंतरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. मी ते निवडलं, कारण त्यात आवर्तन कितीही मात्रांचं ठेवता येतं आणि लय मध्येच बदलता येते. आपल्या संगीताला या दोन्ही गोष्टी लागतात.

३. नवा प्रोजेक्ट उघडला. आता सगळ्यात आधी काय करू?

माइकला हात लावायच्या आधी पाच गोष्टी करा. प्रोजेक्टला नाव देऊन तो स्वतंत्र फोल्डरमध्ये सेव्ह करा. सॅम्पल रेट ४८,००० ठेवा आणि रेकॉर्डिंग २४ बिटचं करा. तालाच्या मात्रा भरा (प्रश्न ५ आणि ६), लय भरा (प्रश्न ४), आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमधला ‘टाइमबेस’ बघून घ्या (प्रश्न १४).

रीपर नेहमी १२० च्या लयीवर आणि चार-चार ठोक्यांच्या मापावर उघडतं. बरेच जण ते तसंच ठेवून, क्लिक बंद करून गायला बसतात आणि महिनाभराने टाळ टाकायच्या वेळी मला लिहितात. तोवर तबला एका लयीत, कोरस दुसऱ्या लयीत आणि पडद्यावरच्या रेघा तिसरीकडेच असतात. ते निस्तरता येतं, पण आधीच्या पाच मिनिटांच्या कामाला मग दोन संध्याकाळी जातात.

४. लय नेमकी किती ठेवायची हे कसं ठरवायचं?

आकडा डोक्याने ठरवू नका, गाऊन ठरवा. मुखडा दोन-तीनदा म्हणा आणि म्हणता म्हणता प्ले-स्टॉपच्या बटणांच्या पट्टीवरच्या ‘बीपीएम’ (मिनिटाला किती ठोके) या अक्षरांवर माउसने लयीत टिचक्या मारा. आठ-दहा टिचक्यांनंतर आकडा स्थिरावतो. मग अंतऱ्यातली सगळ्यात दाट शब्दांची ओळ त्याच लयीत म्हणून बघा. शब्द गिळले जात असतील तर दोन-तीनने उतरा. पूर्णांकच ठेवा. ७८.३४ असा आकडा दुसऱ्या वादकाला फोनवर सांगताना चुकतो.

इथे एक घोटाळा हमखास होतो. तुमची लय ७० असते आणि तबलजी १४० म्हणतात, किंवा उलट. दोघंही बरोबर असतात, एक जण दुसऱ्याच्या दुगणीत मोजत असतो. म्हणून आकड्यासोबत ‘एका ठोक्याला एक मात्रा’ असं स्पष्ट सांगा.

५. आमचा अभंग रूपकात आहे. क्लिकवर गाताना दर वेळी गोंधळ होतो. आमचं चुकतंय का?

तुमचं चुकत नाही, क्लिकचं माप चुकलंय. क्लिक चारच्या मापावर असेल तर दर चौथ्या ठोक्यानंतर जोरकस ठोका पडतो आणि तुमची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) मात्र दर सात मात्रांनी येते. दोन्हींची गाठ २८ मात्रांनी, म्हणजे चार आवर्तनांनी एकदाच पडते. मधली तीन आवर्तनं तो जोरकस ठोका तुम्हाला भलत्याच मात्रेवर सम सांगत राहतो. माझ्याकडे एका मुरलेल्या तबलजींनी तिसऱ्या आवर्तनाला हात उचलला आणि म्हणाले, “हे यंत्र मला सारखं चुकवतंय.” चूक माझी होती, मी माप बदललंच नव्हतं.

उपाय सोपा आहे. मापाचा वरचा आकडा ७ आणि खालचा ४ करा. मग मेट्रोनोमच्या सेटिंगमध्ये जा (वरच्या मेट्रोनोमच्या चित्रावर उजवी क्लिक). तिथे ठोक्यांचा नमुना अक्षरांत लिहिता येतो. ‘ए’ म्हणजे जोरकस ठोका आणि ‘बी’ म्हणजे साधा. तीन-दोन-दोन विभागांसाठी ए बी बी, ए बी, ए बी असा सात अक्षरांचा नमुना सलग लिहायचा. आवृत्तीगणिक ही खिडकी थोडी वेगळी दिसते, पण नमुना हाच.

आता खरी मेख. रूपकाची सम ‘खाली’च्या, म्हणजे डग्ग्याचं वजन नसलेल्या मात्रेवर आहे. तीं तीं ना, धीं ना, धीं ना हा ठेका ऐका: डग्ग्याचं वजन चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतं, पहिलीवर नाही. त्यामुळे पहिल्या मात्रेवरचा जोरकस ठोका गायकाला सोयीचा असला, तरी ठेका नीट कानात बसलेल्या तबलजीला तो खुपतो. मी दोन नमुने ठेवतो. गायकासाठी वर दिलेला. तबलजीसाठी पहिली मात्रा साधी आणि चौथी-सहावी जोरकस, म्हणजे बी बी बी, ए बी, ए बी. त्यांना सम दाखवावी लागत नाही, विभाग दाखवले की पुरतं.

६. बाकीच्या तालांना काय आकडे भरायचे?

खालचा आकडा सगळीकडे ४ ठेवा, म्हणजे एक ठोका बरोबर एक मात्रा हा हिशेब कधी मोडत नाही. वर मात्रांची संख्या: दादरा ६, झपताल १०, एकताल १२, दीपचंदी १४, त्रिताल १६. जोरकस ठोके विभागांच्या सुरुवातीला घाला: दादऱ्यात तीन-तीन, झपतालात दोन-तीन-दोन-तीन, दीपचंदीत तीन-चार-तीन-चार. केरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे असल्यामुळे चारच्या मापावरही निभावतात. तरी मी ८ भरतो, कारण पडद्यावरची प्रत्येक मोठी रेघ मग एक पूर्ण आवर्तन दाखवते. ‘तिसऱ्या आवर्तनापासून परत घेऊ’ असं म्हटलं की सगळ्यांना जागा लगेच सापडते.

विलंबित ख्यालाची गोष्ट वेगळी. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची असेल तर मिनिटाला पंधराच ठोके पडतात. दोन ठोक्यांमधल्या एवढ्या पोकळीत कुणीही स्थिर राहू शकत नाही. तबलजी मनात जे करतात तेच क्लिककडून करून घ्या आणि मात्रेचे चार भाग पाडा. लय ६०, माप चार-चार. मग पडद्यावरचं एक माप म्हणजे एक मात्रा आणि बारा मापं म्हणजे ४८ सेकंदांचं एक आवर्तन.

७. मेट्रोनोमचे ठोके शेवटच्या गाण्यात येतील का? आणि ‘क्लिक सोर्स’ म्हणजे वेगळं काही आहे का?

मेट्रोनोमचं बटण फक्त तुमच्या कानासाठी आहे. गाण्याची अंतिम फाइल काढताना ते ठोके त्यात येत नाहीत. ‘इन्सर्ट’ मेनूतला ‘क्लिक सोर्स’ मात्र खऱ्याखुऱ्या ट्रॅकवर ठेवला जातो. त्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, मधल्याच भागात तो बंद ठेवता येतो, फक्त तबलजीच्या हेडफोनला पाठवता येतो, दुसऱ्या गावच्या वादकासाठी फाइलमध्येही घालता येतो (प्रश्न १६). लय किंवा माप बदललं की तोही बदलतो. मी नेहमी हाच वापरतो. एकच सावधगिरी: अंतिम फाइल काढण्याआधी तो ट्रॅक म्यूट करा. म्यूट न केलेला क्लिक सगळ्या फाइलभर टकटकत राहतो.

८. रेकॉर्डचं बटण दाबलं की लगेच सुरू होतं, तयारीला वेळच मिळत नाही.

मेट्रोनोमच्याच सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगआधीचा ‘काउंट-इन’ चालू करा. किती मापं मोजायची तेही तिथेच ठरतं. सात-आठ मात्रांच्या तालाला एक पुरे. त्याच्या शेजारी ‘प्री-रोल’ आहे, तो वेगळा. काउंट-इनमध्ये नुसते ठोके ऐकू येतात. प्री-रोलमध्ये आधीचं गाणं वाजत येतं आणि ठरलेल्या जागी रेकॉर्डिंग सुरू होतं. अंतऱ्यातली एखादी ओळ दुरुस्त करताना प्री-रोलच घ्या. मागचा सूर कानात असला की आवाजाचा पोत जुळतो.

९. काउंट-इन आहे, तरी मुखड्याचे पहिले दोन शब्द कापले जातात. का?

कारण आपला मुखडा समेवर सुरू होत नाही, समेवर येतो. बंदिश पाचव्या किंवा नवव्या मात्रेवरून उचलली जाते आणि ते शब्द सम यायच्या आधीचे असतात. प्रोजेक्टच्या अगदी शून्यावर पहिली सम ठेवली तर मुखडा काउंट-इनच्या वेळात जातो, आणि त्या वेळात काहीच रेकॉर्ड होत नाही. म्हणून पहिली दोन आवर्तनं रिकामी सोडा आणि गाण्याची पहिली सम तिसऱ्या मापाच्या सुरुवातीला ठेवा. ही मोकळी जागा पुढे तानपुऱ्यालाही कामी येते.

१०. एका अभंगाला किती ट्रॅक लागतात आणि कोणत्या क्रमाने रेकॉर्ड करायचं?

वरून खाली माझी मांडणी अशी: क्लिक, तानपुरा, कच्चा आवाज, तबला, डग्गा (किंवा पखवाजाच्या दोन बाजू), पेटी, मुख्य आवाज, कोरसचे तीन-चार, आणि सगळ्यात खाली टाळ-चिपळ्या. नवा ट्रॅक कंट्रोल आणि टी दाबून येतो. रेकॉर्ड करण्याआधीच नाव द्या. रीपर फाइललाही ट्रॅकचंच नाव देतं. नाव दिलं नाही तर फोल्डरमध्ये एकसारख्या नावांच्या चाळीस फाइली जमतात आणि पेटी कुठली ते कळत नाही. कोरसचे ट्रॅक एका फोल्डर ट्रॅकखाली घेतले की सगळ्यांचा आवाज एका दांडीने वर-खाली करता येतो.

क्रमाचं म्हणाल तर क्लिकनंतर लगेच पट्टी ठरवा. तानपुरा ॲपमधला असला तरी आधी पेटीशी मिळवून घ्या. ॲप ऐकतं, पेटी ऐकत नाही. जुन्या पेटीचे सूर ४४० च्या प्रमाणापेक्षा थोडे चढे किंवा उतरे असतात. तानपुरा प्रमाणावर आणि पेटी स्वतःच्या सुरावर राहिली, तर काळी चारची पट्टी दोघांची वेगळी होते आणि गायिका मध्ये सापडते.

मग कच्चा आवाज. तो अंतिम गाण्यात राहत नाही, तरी याच्याशिवाय मी पुढे जात नाही. नुसत्या क्लिकवर वाजवलेल्या तबल्याला कुठे अंतरा भरतो, कुठे लग्गी घ्यायची, कुठे थांबायचं हे कळणार कसं? गायकाने क्लिकवर संपूर्ण अभंग एकदा साधेपणाने गावा. मग तबला, पेटी, आणि साथ भरल्यावर खरा आवाज. टाळ सगळ्यात शेवटी, स्वतंत्रपणे. टाळाचा आवाज इतका टोकदार असतो की खोलीतल्या प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि एकदा शिरला की काढता येत नाही.

प्रत्येक ट्रॅकची पातळी सगळ्यात जोराच्या जागी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. २४ बिटमध्ये हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र परत घ्यावा लागतो.

११. माझा आवाज फक्त डाव्या कानात येतोय. माइक बिघडला का?

नाही. ट्रॅकचं इनपुट स्टीरिओ निवडलं गेलंय. एका माइकला मोनो इनपुट १ निवडा.

१२. क्लिकचा आवाज माइकमधून रेकॉर्डिंगमध्ये येतो.

तो हेडफोनमधून गळतो. कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन घ्या आणि मुख्य म्हणजे क्लिक हळू करा. क्लिक जोरात लागतो, कारण साथ जोरात लावलेली असते. दोन्ही उतरवा. गाण्याच्या शेवटी, जिथे साथ थांबते आणि फक्त शेवटचा सूर विरतो, तिथे गळती हमखास ऐकू येते. तेवढ्या भागात क्लिकच्या ट्रॅकचा आवाज शून्यावर आणा, किंवा क्लिक सोर्सचा तुकडा तिथेच कापून टाका. एक कान उघडा ठेवून गायची सवय असेल तर उघड्या बाजूचा हेडफोन गालाशी घट्ट दाबून ठेवा, नाहीतर तो थेट माइकमध्ये वाजतो.

१३. मी अगदी ठोक्यावर गातो, पण ऐकताना आवाज मागे पडलेला असतो.

हेडफोन ब्लूटूथचे असतील तर कारण तेच. त्यांच्यात १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त उशीर होतो. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची असते, म्हणजे तुम्ही जवळजवळ पाव मात्रा मागे गाता. रेकॉर्डिंगला तारेचेच हेडफोन वापरा.

तार असूनही उशीर होत असेल तर दोन वेगळ्या गोष्टी तपासा. पहिली, गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येणं. हे बफरमुळे, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून मग पुढे देतो त्यामुळे होतं. ४८,००० वर बफर १०२४ असेल तर एका फेरीतच सुमारे २१ मिलिसेकंद जातात, १२८ वर तीनपेक्षाही कमी. रेकॉर्ड करताना बफर लहान ठेवा, मिक्स करताना मोठा. विंडोजवर इंटरफेसच्या (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या) कंपनीचा एसिओ ड्रायव्हर टाकल्याशिवाय हे साधत नाही. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर ते दाबा आणि रीपरमधलं मॉनिटरिंग बंद करा. मग हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी, ऐकताना सगळं ठीक पण रेकॉर्ड झालेली फाइल सरकलेली. यासाठी इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल लावून क्लिकच रेकॉर्ड करा आणि मोठा करून बघा. मूळ ठोका आणि रेकॉर्ड झालेला ठोका यांच्यात अंतर दिसलं, तर तेवढे मिलिसेकंद प्रेफरन्सेसमधल्या रेकॉर्डिंगच्या पानावर, ऑफसेटच्या रकान्यात भरा. एकदा केलं की ते इंटरफेस आणि ती सेटिंग बदलेपर्यंत पुन्हा बघावं लागत नाही.

१४. लय ७६ ची ८० केली आणि आधी रेकॉर्ड केलेला आवाज ताणल्यासारखा झाला!

‘टाइमबेस’मुळे. रीपरमध्ये सुरुवातीला तो ‘बीट्स’वर असतो. त्यामुळे लय बदलली की आधीचं रेकॉर्डिंगही नव्या लयीत बसवलं जातं. आताच्या आता कंट्रोल आणि झेड दाबून मागे जा. आवाज ठाकठीक आहे, फाइलला धक्का लागलेला नाही. मग प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमबेस ‘टाइम’ करा आणि पुन्हा लय बदला. आता आवाज जिथल्या तिथे राहील आणि फक्त रेघा सरकतील. पण तबला ७६ वर वाजवून झाला असेल तर ८० चा मोह सोडा. चार ठोक्यांचा फरक ताणून भरला की डग्ग्याची घुमारी आधी बिघडते.

१५. अभंग ठायीत (संथ लयीत) सुरू होतो, शेवटी गजर द्रुतात जातो. सुरुवातीला मोकळा आलापही आहे. मग क्लिक कसा लावायचा?

तीन भाग, तीन वागणुकी. आलापाला क्लिक नको. तेवढ्या भागात क्लिक सोर्स ठेवूच नका, फक्त तानपुरा ठेवा. आलाप संपून ठेका जिथे उचलला जातो, त्याच्या एक आवर्तन आधीपासून क्लिक हळूच येऊ द्या.

गजरासाठी लय जिथून वाढते त्या समेवर कर्सर ठेवून शिफ्ट आणि सी दाबा. टेम्पो मार्करची खिडकी उघडते. तिथे त्या वेळची लय भरा आणि पुढच्या मार्करपर्यंत हळूहळू बदलण्याच्या चौकटीवर खूण करा. मग जिथे लय स्थिरावते तिथे दुसरा मार्कर. ९० पासून १४० पर्यंत जायचं असेल तर सरळ एका चढणीने नेऊ नका. टाळकरी तशी वाढवत नाहीत. ते दोन-तीन आवर्तनं एका लयीत रमतात, मग उचलतात, परत रमतात. मार्करही तसेच पायऱ्यापायऱ्यांनी घाला, प्रत्येक वेळी समेवर.

कीर्तनात किंवा दिंडीत केलेलं रेकॉर्डिंग असेल, तर क्लिक आधी लावण्याचा प्रश्नच नसतो. तिथे उलटं करा. टाइमबेस ‘टाइम’वर ठेवा (प्रश्न १४), एका आवर्तनाची सम ते पुढची सम एवढा भाग निवडा, प्रश्नचिन्हाची कळ दाबून ॲक्शनची यादी उघडा आणि टाइम सिलेक्शनवरून माप तयार करणारी ॲक्शन शोधून चालवा. असं दर चार-पाच आवर्तनांनी करत गेलं की रेघा त्या गायकाच्या लयीवर येऊन बसतात, आणि नंतर टाकलेली बासरी किंवा टाळ त्याच्या चालीने चालतात.

१६. तबलजी सांगलीत, पेटीवाले न्यू जर्सीत, मी पुण्यात. फाइली जुळतच नाहीत.

चार नियम पाळलेत तर जुळतील. प्रत्येक फाइल प्रोजेक्टच्या शून्यापासून सुरू झाली पाहिजे, तबला तिसऱ्या मिनिटाला येत असला तरी. पाठवायचं ते वेव्ह स्वरूपात: एमपीथ्री बनवताना सुरुवातीला शांततेचा बारीक तुकडा जोडला जातो आणि सगळं थोडं मागे सरकतं. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून नको. सॅम्पल रेट सगळ्यांचा ४८,००० असू द्या.

मी दोन फाइली देतो: क्लिकसकट कच्चा आवाज आणि नुसता क्लिक. सोबत एक ओळ: ताल, लय, पट्टी, पहिली सम कितव्या मापावर. वादकाला म्हणावं, सुरुवातीच्या रिकाम्या आवर्तनात क्लिकबरोबर दोन टाळ्याही रेकॉर्ड करून पाठवा. फाइल सरकलेली असलीच तर त्या टाळ्या ठोक्यांवर आणून बसवायच्या.

१७. आमचे तबलजी क्लिकवर वाजवायला तयारच नाहीत. म्हणतात, टकटक ऐकून हात आखडतो.

त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांनी आयुष्यभर लेहऱ्यावर, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या एका आवर्तनाच्या धुनेवर रियाज केलाय. लेहरा आवर्तनभर सुरांतून सम जवळ येतेय हे सांगत राहतो आणि टकटक ते सांगत नाही. म्हणून त्यांना क्लिक देऊच नका. तुम्ही स्वतः क्लिकवर पेटीचा साधा लेहरा रेकॉर्ड करा: अभंगाच्या पट्टीत, अभंगाच्याच मुखड्याच्या चालीवर. दोन आवर्तनं नीट जमली की तो तुकडा गाण्याच्या लांबीएवढा पुढे ओढून घ्या. रीपरमध्ये तुकड्याचं उजवं टोक ओढलं की तो आपोआप पुन्हा पुन्हा वाजतो. त्यांच्या हेडफोनमध्ये लेहरा आणि कच्चा आवाज ठेवा, क्लिक बंद. लेहरा क्लिकवरच बसलेला असल्यामुळे तबलाही आपसूक तिथेच बसतो. पहिल्या टेकला हात मोकळा व्हायला वेळ लागेल, म्हणून सलग तीन टेक घ्या. माझ्या अनुभवात दुसराच टेक बहुतेक वेळा ठेवला जातो.